एका धातूचें कुळ

माणसांप्रमाणें शब्दांनाहि कुळें असतात. इंग्रजींतील 'कँडिडेट' म्हणजे उमेदवार, 'कँडिड' म्हणजे स्पष्टवक्ता, 'कँडल' म्हणजे मेणबत्ती आणि 'इन्सेन्स' म्हणजे धूप. वरवर पाहतां या चौघांचा परस्परांशीं संबंध दिसत नाहीं. परंतु हे चारहि शब्द एकाच लॅटिन कुळांतले आहेत. झळकणें, शुभ्र तेजानें प्रकाशणें, हा त्यांच्या मूळ धातूचा अर्थ होय.

प्राचीन रोमन प्रजासत्ताकांत अधिकारपदासाठीं उभा राहणारा गृहस्थ 'टोगा' नांवाचें आपलें लोकरीचें महावस्त्र खडूच्या भुकटीनें पांढरेंशुभ्र करी आणि चौकांत हिंडून मतें मागे. या शुभ्र वस्त्रावरूनच त्यास 'कँदिदातुस' म्हणूं लागले. इतिहासकार लिव्ही सांगतो कीं, इ. स. पूर्वीं ४३२ सालीं उमेदवारांनीं वस्त्र असें पांढरें करूं नये, असा कायदाच झाला. परंतु रूढीपुढें त्याचें कांहीं चाललें नाहीं. पुढें इ. स. पूर्वीं ६४ मध्यें सिसरो हा कॉन्सलपदासाठीं उभा असतां त्यानें आपले प्रतिस्पर्धी कॅटिलाइन व अँटोनियस यांच्या लांचलुचपतीवर सीनेटमध्यें कडक टीका केली. तें व्याख्यान 'शुभ्र वस्त्रांतील भाषण' या नांवानेंच ओळखलें जातें. आज त्याचे तुकडेच उपलब्ध आहेत. आरोप करणारा शुभ्र वस्त्रांत, आणि ज्यांच्यावर आरोप तेहि उमेदवारच! खडूनें वस्त्र उजळतें, चारित्र्य नव्हे, हें रोमन मतदारांना तेव्हांच उमगलें असावें.

इंग्रजींत 'कँडल' हा शब्द ख्रिस्ती उपासनेबरोबर फार पूर्वीं रुळला. फ्रेंचमार्गें आलेलें 'शँडेलियर', म्हणजे झुंबर, हें त्याचेंच भावंड. 'कँडिडेट' मात्र सतराव्या शतकांत आला. 'कँडिड'चा अर्थ आधीं शुभ्र, मग निष्कपट आणि शेवटीं स्पष्टवक्ता असा पालटत गेला.

संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच उगमापासून निघाल्या असाव्यात, असें सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ मध्यें कलकत्त्यास प्रतिपादिलें. त्या नात्यानें आपला 'चंद्र' हाहि या कुळाचा आप्त ठरतो. त्याचें जुनें वैदिक रूप 'श्चंद्र', म्हणजे झळकणारा. तें 'हरिश्चंद्र' या नांवांत अद्याप जसेंच्या तसें टिकून आहे. मतें मागणारा रोमन उमेदवार आणि सत्यासाठीं राज्य सोडणारा राजा यांच्या नांवांत एकच तेज आहे. एकानें तें अंगावर पांघरलें, दुसऱ्यानें आचरणांत आणलें.