अष्टूरचा उरूस आणि 1948

आम्हां जनवाडेकरांची जीभ त्रिभाषी. घरात मराठी, बाजारात कानडी आणि जुन्या कागदपत्रांपुरती उर्दू. बीदरजवळच्या अष्टूरच्या उरुसाला मात्र यांतली कोणतीही चालते.

तिथे अहमदशहा बहमनीची कबर आहे. 1436 साली वारलेला हा सुलतान मुसलमानांचा वली, तर लिंगायतांना तो अल्लमप्रभूचा अवतार. उरूस हिजरी सनाप्रमाणे न भरता आपल्या पंचांगाप्रमाणे, होळीच्या सुमारास भरतो. कलबुर्गी जिल्ह्यातल्या माडियाळचा जंगम अनुयायांसह येतो, शंख फुंकतो, कबरीपुढे नारळ फोडतो.

हे पाहून इथे सदैव सलोखाच नांदला असे म्हणण्याचा मोह होतो. इतिहास तसे म्हणू देत नाही. गंमत अशी की बहमनी दरबारातली मोठी फूट हिंदू-मुसलमान अशी नव्हतीच. एका बाजूला इराण, तुर्कस्तान, अरबस्तानातून आलेले आफाकी ऊर्फ परदेशी, दुसरीकडे पिढ्यान्‌पिढ्या इथेच रुजलेले दखनी आणि बहुधा त्यांच्या बाजूचे हबशी. धर्म एक, पण वंश, बोली आणि रिवाज वेगळे. पदे आणि जहागिरी वाटण्याची वेळ आली की हा वेगळेपणा तलवार उपसायचा. चाकणला परदेश्यांची कत्तल झाली ती याच वैरातून. पुढे 1481 मध्ये बनावट पत्राच्या आधारे महमूद गवानचा शिरच्छेद झाला. त्याने 1472 मध्ये बांधलेला मदरसा बीदरमध्ये आजही उभा आहे, अर्धा ढासळलेला. त्याच्यामागे राज्यही फार टिकले नाही. त्याच्या पाच शाह्या झाल्या.

आता आपल्या घरांजवळचे. मे 1948 मध्ये रझाकारांनी गोरट्यात कत्तल केली. सप्टेंबरात पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि सूड उलटा फिरला. बेगुन्हा मुसलमान मारले गेले. नेहरू सरकारने धाडलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला. सर्वांत जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, नांदेड यांच्याबरोबर आपला बीदरही होता. तो अहवाल वर्षानुवर्षे दाबून ठेवला गेला. गोरटा आपण बोलतो, हे दुसरे बोलत नाही.

1956 मध्ये भाषावार वाटणीत उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही म्हैसूर राज्यात राहिलो. त्या वादावर आमच्या घरात रात्र-रात्र चर्चा होत असे. आजीही तावातावाने बोले. उरुसाच्या गोष्टी तर तिच्याच तोंडून ऐकलेल्या. अठ्ठेचाळीसचा विषय निघाला की मात्र ती उठून चुलीकडे जाई.