भाण, बंब आणि गळका गीझर

परवा सकाळी न्हाणीत पाय ठेवला तर गीझरखाली पाण्याचे तळे! बारा वर्षे इमानेइतबारे राबलेला गीझर बुडातून ठिबकत होता. मिस्त्री आला, झाकण उघडून बघितले आणि म्हणाला, "टाकी गेली. नवा घ्या." आईने विचारले, "डाख लावून नाही का भागणार?" मिस्त्री हसला. मला मात्र हसू आले नाही, कारण आईची अर्धी हयात ज्या भांड्याच्या संगतीत गेली, ते डाख लावूनच पिढ्यान्‌पिढ्या चालले होते.

ते भांडे म्हणजे भाण. गोव्याच्या वाचकाला ते काय हे सांगायला नको. न्हाणीच्या कोपऱ्यात चुलीवर बसवलेले तांब्याचे मोठे भांडे, खाली चुडते, सोडणे, करवंट्या यांचा जाळ. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी चिंचेने घासून ते लखलखीत करायचे, पाणी भरायचे, गळ्यात कारिटांची माळ घालायची. पहाटे नरकासुर जळाला की त्याच पाण्याने अभ्यंगस्नान, मग तुळशीपुढे कारीट फोडणे आणि फोव.

घाटावर याच कामाला बंब होता. त्याच्या मधोमध जाळाची नळी असते आणि पाणी तिच्या भोवती. विस्तव पाण्याच्या पोटातच असल्याने उष्णता कमी वाया जाते. पुण्याच्या तांबट आळीत असे बंब घडवले जात. भाण काय, बंब काय, दोन्ही तांब्याचे. भोक पडले तर दिसते, कासार वा तांबट ते बुजवतो, आणि अगदीच निकामी झाले तर मोडीत घालून नवे घेता येते. म्हणजे दुरुस्ती की बदल, या प्रश्नाचे उत्तर धातूच देत असे.

गीझरची गोष्ट वेगळी. हे नाव आइसलँडमधल्या गेइसिर या उसळत्या उन्हाळ्यावरून आले. १८६८ साली लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन याने गॅसवर पाणी तापवणारे यंत्र काढले आणि त्याला हे नाव दिले. त्याला धुराडे नव्हते, जळलेला वायू न्हाणीघरातच सुटे, त्यामुळे ते धोक्याचे होते. पुढे १८८९ च्या सुमारास मूळच्या नॉर्वेच्या एडविन रूड याने पिट्सबर्गमध्ये आपोआप चालणारा, पाणी साठवून तापवणारा हीटर तयार केला. आपल्याकडे गावोगावी वीज पोचली ती १९६१ च्या मुक्तीनंतरच्या वर्षांत, आणि भाण हळूहळू माळ्यावर चढले.

आता मिस्त्रीचे म्हणणे. गीझरमध्ये बिघडणाऱ्या वस्तू मुख्यतः तीन: पाणी तापवणारी कॉईल, तापमान राखणारा थर्मोस्टॅट आणि टाकी. पहिल्या दोन बदलता येतात, आणि टाकी धड असेल तर बदलाव्यातच. पोलादी टाकीला आतून काचेसारखा लेप असतो. त्याला कुठे चीर गेली तर गंज धरू नये म्हणून आत मॅग्नेशियमची कांडी बसवतात. ती स्वतः झिजते आणि पोलादाला वाचवते. ही युक्ती हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यासाठी मांडली होती. कांडी वेळेवर बदलली तर टाकी बरीच वर्षे टिकते. आम्ही बारा वर्षांत एकदाही बदलली नव्हती! दोष गीझरचा नव्हे, आमचाच. एकदा पत्रा आतून कुजला की डाख लावायला धड जागाच उरत नाही, वर आत दाबाखालचे पाणी आणि वीज. मिस्त्री बरोबर होता.

विजेची बचत होईल म्हणून मात्र चांगला गीझर टाकू नये. पंचवीस लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे एक युनिट वीज लागतेच, गीझर जुना असो वा नवा. ताऱ्यांच्या लेबलाने कळते ते तापलेले पाणी तसेच ठेवल्यावर किती उष्णता वाया जाते एवढेच. अंघोळीपुरता लावून बंद करणाऱ्याला त्यात फारसा फरक नाही.

नव्या गीझरच्या खर्चावरून भावाने सुचवले, माळ्यावरचे भाण मोडीत घालू या, तांब्याला भाव चांगला आहे. मी चवताळलो. वारसा, परंपरा वगैरे बरेच बोललो. आई शांतपणे म्हणाली, "पहाटे चारला उठून ओली लाकडे फुंकायला तू कधी होतास? पावसात डोळ्यांतून पाणी काढायचा तो धूर. घाला मोडीत."

मी गप्प झालो. ज्या ऊन पाण्याच्या आठवणी आम्ही पुरुष काढतो, ते तापवणारे हात कोणाचे होते, हे आपण सोयीने विसरतो.

संध्याकाळी ती आपणहून म्हणाली, "बुडाला जरासेच भोक आहे. कासाराला दाखवून बघ. दिवाळीला एक दिवस पेटवायला काय हरकत? पण यंदा जाळ तू करायचा."

तेव्हा गीझर मोडीत गेला आणि भाण दुरुस्तीला. आता फुंकणी शोधतो आहे.