जुन्या सायकलीचे पुनरुज्जीवन : रंगाआधी सांगाडा

संत्राबागांसाठी प्रसिद्ध असलेल्या मोर्शी-वरुड पट्ट्यात मोटारसायकली घरोघरी येण्यापूर्वी शेत, बाजार आणि शाळा यांना जोडणारे वाहन म्हणजे काळी, उंच, दणकट सायकल. त्यांपैकी काही आजही वाड्याच्या माळ्यावर किंवा गुरांच्या कोठ्यात भिंतीला टेकून उभ्या आढळतात. आजोबांची सायकल पुन्हा रस्त्यावर आणावी, अशी हौस अलीकडे शहरात स्थायिक झालेल्या नातवंडांतही दिसते. मात्र नवखा माणूस बहुधा रंगाच्या डब्यापासून सुरुवात करतो आणि तेथेच काम बिघडते. रंग ही या कामाची अखेरची पायरी आहे. काही सायकलींच्या बाबतीत तर ती गाळणेच शहाणपणाचे ठरते.

सायकल कोणत्या कुळातली?

परदेशी छायाचित्रांत दिसणारी जाड टायरची, रुंद हँडलची 'क्रूझर' ही अमेरिकेची देणगी. श्विन कंपनीने १९३३ मध्ये तेथे जाड 'बलून' टायर आणले आणि पुढची काही दशके ही धाटणी लोकप्रिय राहिली. भारतात ती अपवादानेच आली. आपल्याकडे रुजली ती इंग्रजी 'रोडस्टर' : २८ इंची चाके, दांड्यांनी चालणारे ब्रेक, संपूर्ण झाकलेली चेन आणि स्प्रिंगची चामडी सीट. रॅले, हर्क्युलस, बीएसए, फिलिप्स, हंबर ही नावे आधी आयातीतून परिचित झाली. स्वातंत्र्यानंतर आसनसोलची सेन-रॅले, मद्रासची टीआय सायकल्स (१९४९), सोनीपतची अ‍ॅटलास (१९५१) आणि लुधियानाची हीरो (१९५६) यांनी हीच धाटणी देशभर पोहोचवली. त्यामुळे वऱ्हाडातील घरात सापडणारी जुनी सायकल बहुतेक याच कुळातली असते.

वय ठरवताना पुढच्या नळीवरील धातूचा बिल्ला, सीटखालच्या नळीजवळ कोरलेला क्रमांक आणि सुट्या भागांवरील नावे पाहावीत. स्टर्मी-आर्चरचा तीन गतींचा हब असल्यास त्याच्या कवचावर उत्पादनाचे वर्ष ठोकलेले असते. अर्थात चाक नंतर बदललेले नाही, याची खात्री हवी. जुन्या नगरपालिकांचे सायकल-कराचे बिल्ले कोठे अडकवलेले आढळल्यास ते जपून ठेवावेत. मूळ रूप कसे होते याचा अंदाज घेण्यासाठी पुण्यात कर्वेनगर येथे २०१७ मध्ये सुरू झालेले विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय उपयोगी पडते.

रंगवावी की राखावी?

कारखान्यात भट्टीत भाजलेला काळा रंग आणि त्यावर हाताने ओढलेल्या सोनेरी रेषा एकदा खरवडल्या की पुन्हा मिळत नाहीत. म्हणून पहिली परीक्षा पाण्याची. सौम्य साबणाने सायकल धुवावी. नंतर न दिसणाऱ्या एखाद्या जागी मोटारीचे रबिंग कंपाउंड हलक्या हाताने लावून पाहावे. मळाखाली मूळ रंग शाबूत असेल, तर मेण लावून तो तसाच राखावा. रेषांवर आणि अक्षरांवर कंपाउंड चोळू नये. ती पुसली जातात. गंजाने पत्र्याला फोड आले असतील किंवा आधीच कोणी ब्रशने रंग फासला असेल, तरच पुन्हा रंगवण्याचा विचार करावा.

त्याआधी सांगाडा सरळ आहे का, हे तपासावे. मागच्या चाकाच्या एका खाचेपासून निघालेला दोरा पुढच्या नळीभोवती फिरवून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणावा. सीटच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचे अंतर सारखे भरले पाहिजे. पुढच्या नळीजवळील सांध्यांत रंगाला सुरकुत्या किंवा केसाएवढी भेग दिसली, अथवा चिमटा मागे झुकलेला आढळला, तर सायकलीने टक्कर सोसली आहे असे समजावे. अशी भेग पुट्टीने भरून वर रंग देणे म्हणजे अपघाताला आमंत्रण होय. जुन्या सांगाड्यांचे सांधे पितळाने जोडलेले असतात. त्यांवर थेट वेल्डिंग न करता पितळी जोडकाम जाणणाऱ्या कारागिराकडे जावे.

सुटे करताना

प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढावे आणि प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या डबीत ठेवावेत. छर्रे काढताना मोजून ठेवावेत. आकार आणि संख्या जागेनुसार बदलते. दोन गोष्टी नवख्याला हमखास अडवतात. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, तसेच इंग्रजी पद्धतीच्या सायकलीत चेनकडच्या बाजूचा मधला कपही उलट्या आट्यांचा असतो. उलट दिशेला जोर लावल्यास आटे जातात. दुसरी अडचण कॉटर पिनेची. तिच्यावर आदल्या दिवशी तेल सोडावे, नट टोकाशी येईपर्यंत सैल करावा, क्रँकखाली लोखंडी पाइपचा भक्कम आधार द्यावा आणि मगच ठोका द्यावा. आधाराविना ठोकल्यास आघात छर्ऱ्यांवर जातो. नवी पिन स्वस्त असते, पण जुन्या पिनेच्या मापाचीच घ्यावी.

शिशाचा धोका

जुन्या रंगांत आणि प्रायमरमध्ये शिसे असण्याची दाट शक्यता असते. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग संशयास्पदच मानावा. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला विशेष घातक असते. म्हणून कोरडे घासू नये. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून वापरावा, धुळीचा योग्य मास्क आणि हातमोजे घालावेत, खाली प्लॅस्टिक अंथरावे आणि घाण पाणी अंगणात किंवा विहिरीजवळ सोडू नये.

रंगकाम आणि वऱ्हाडी हवा

उघड्या लोखंडावर दमट हवेत काही तासांतच गंजाची झाक चढते, म्हणून घासणे, थिनरने पुसणे आणि प्रायमर देणे एकाच दिवशी उरकावे. आटे, कप आणि नळ्यांची तोंडे चिकटपट्टीने झाकावीत. प्रायमर वाळल्यावर ३२० ते ४०० क्रमांकाच्या पेपरने ओले घासून रंगाचे पातळ थर द्यावेत. एका जाड थरापेक्षा तीन पातळ थर टिकतात आणि ओघळत नाहीत. दोन थरांमधील वेळ डब्यावर लिहिलेली असते, ती पाळावी. कडक करणारे रसायन मिसळून फवारायच्या दोन घटकांच्या पीयू रंगांत श्वसनाला अपायकारक आयसोसायनेट असते; ते काम रंगारी कार्यशाळेवर सोपवावे.

ऋतूही पाहावा. मे महिन्यातील उन्हाच्या कडाक्यात फवारा पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच सुकतो आणि रंग खरखरीत बसतो. पावसाळ्यात हवेतील दमटपणामुळे सेल्युलोज रंगावर पांढरट झाक येते. आंबिया बहाराची संत्री बाजारात येऊ लागतात तो दिवाळीच्या आसपासचा काळ, किंवा फेब्रुवारीतील सकाळ, या कामाला सोयीची.

जुळणी

रंग पूर्ण कडक होण्यास काही आठवडे लागतात. घाईने पाना लावल्यास तो उडतो. नवे ग्रीस आणि नवे छर्रे घालावेत, तुटक्या तारा बदलून चाकाचा आऊट काढून घ्यावा. रोडस्टर अजूनही बनत असल्याने २८ × १½ मापाचे टायर मिळतात. ब्रेकचे रबर मात्र जुने ठेवू नये. दांड्याचे ब्रेक पावसात ओल्या रिमवर नीट पकडत नाहीत, हे ध्यानात ठेवून चालवावे. पहिली फेरी मोकळ्या मैदानात घ्यावी आणि नंतर सर्व नट पुन्हा आवळावेत. कॉटर पिनेचा नट तर पहिल्या काही किलोमीटरनंतर सैल होतोच.

एखादा ओरखडा राहिला, मडगार्डचा पोचा पूर्ण निघाला नाही, तरी त्याने काही बिघडत नाही. सांगाडा सरळ, ब्रेक खात्रीचे आणि चाके मोकळी फिरणारी असली, म्हणजे ती सायकल बागेपर्यंत पुन्हा जाऊ शकते.