लोकवर्गणी आणि माहितीपट

पेडणे आणि डिचोली या दोन महालांतील आमच्या जुन्या घरांना 'वर्गणी' या शब्दाचा अर्थ नव्याने समजावून सांगावा लागत नाही. देवळाचा जीर्णोद्धार, श्रावणातील भजनी सप्ताह, जत्रेच्या रात्रीचा दशावतार, गावच्याच मुलांनी बसवलेले ऐतिहासिक नाटक, वाचनालयाचे कपाट, मराठी शाळेचे छप्पर ही कामे एकाच धनिकाच्या कृपेने पार पडली, असे क्वचितच सांगता येईल. घरोघर पट्टी निघाली. कुणी रोख दिले, कुणी नारळ दिले, कुणी मांडवासाठी माडाच्या झावळ्या दिल्या. डिचोली १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीज अमलाखाली गेले. त्यानंतर १९६१ पर्यंत येथील मराठीला राजाश्रय असा नव्हताच. ती टिकली ती देवळाच्या सभामंडपात, घराच्या सोप्यावर आणि वर्गणीच्या वहीत.

हा जुना रिवाज माहितीपटाला लावता येईल काय, हा प्रश्न आम्हांस या लेखात मांडावयाचा आहे. माहितीपट म्हणजे खऱ्या माणसांचे, खऱ्या स्थळांचे, घडत असलेल्या गोष्टींचे चित्रण. त्याला नटनट्यांचा खर्च नसतो, पण वेळ अमाप लागतो. आणि तिकिटाच्या खिडकीवर त्याचे पैसे सहसा परत येत नाहीत. मग तो काढावा कुणी, आणि कुणाच्या पैशावर?

मराठी माणसाने या प्रश्नाला दिलेले पहिले उत्तर घर पणाला लावण्याचे होते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्ती स्वतःच्या कॅमेऱ्याने टिपली. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे विलायतेहून परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचेही चित्रण त्यांनी केले. आपल्या देशातील वृत्तचित्रणाचा आरंभ येथून धरतात. पुढे दादासाहेब फाळके यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल हवे होते. विश्वास बसावा म्हणून त्यांनी एक वाटाण्याचा दाणा कुंडीत पेरला, रोज थोडेथोडे चित्रण केले आणि 'अंकुराची वाढ' हे छोटे चित्र सिद्ध केले. ते पाहून सावकाराचे मन वळले. म्हणजे मराठी माणसाने भांडवलासाठी जे चित्र दाखवले, ते एका रोपाचे माहितीपटच होते. तरीही सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडायचे चुकले नाही. १९१३ च्या मे महिन्यात तो चित्रपट लोकांपुढे आला तो एका कुटुंबाच्या जोखमीवर.

दुसरे उत्तर सरकारी पैशाचे. १९४८ साली केंद्र सरकारने फिल्म्स डिव्हिजनची स्थापना केली आणि चित्रपटगृहांतून मुख्य खेळाआधी तिचे वृत्तपट व माहितीपट दाखवले जाऊ लागले. त्या संस्थेत गुणी माणसे होती, मोलाची कामेही झाली, हे नाकारता येणार नाही. परंतु धरणाचा माहितीपट धरण बांधणाऱ्याच्या पैशावर निघतो, तेव्हा पाण्याखाली गेलेल्या गावाला त्यात किती जागा मिळते, हे वाचकांनीच आठवून पाहावे. २०२२ साली ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली.

तिसरे उत्तर आमच्या परंपरेला जवळचे आहे, आणि ते चित्रपटाआधी इतर क्षेत्रांत सापडते. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून 'पैसा फंड' उभारला. लोकमान्यांनी त्याला पाठबळ दिले आणि त्या पैशांतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, ग्रंथ छापून होण्यापूर्वी वर्गणीदार मिळवले आणि १९२० नंतरच्या दशकात तेवीस खंड पुरे केले. आमच्या सत्तरीतील आंबेडे गावात जन्मलेले पं. महादेवशास्त्री जोशी यांनी भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड काढले, तेही ग्राहक जोडत, गावोगाव पायपीट करीत. न पाहिलेल्या ग्रंथासाठी आगाऊ पैसे देणारा तो वाचक कोण होता? शाळामास्तर, कारकून, भिक्षुक, दुकानदार. आज संगणकावर ज्याला क्राउडफंडिंग म्हणतात, त्याची रीत याहून फार वेगळी नाही.

चित्रपटात या रीतीचे सर्वांत मोठे उदाहरण गुजरातचे आहे. पण त्यात मराठी हातही आहेत. श्याम बेनेगल यांनी दूध सहकाराच्या कार्यावर माहितीपट केले होते. ते पाहणारे बहुधा आधीच पटलेले लोक असतात, म्हणून हीच गोष्ट कथेच्या रूपाने सांगावी, असे त्यांच्या मनात आले. पैशाचा प्रश्न डॉ. वर्गीस कुरियन यांनी सोडवला. गुजरातच्या सहकारी संघाचे पाच लाख दूध उत्पादक सभासद प्रत्येकी दोन रुपये देतील, म्हणजे दहा लाख रुपये उभे राहतील, असा तो हिशेब होता. १९७६ साली 'मंथन' पुरा झाला. पटकथा विजय तेंडुलकरांची. स्मिता पाटील त्यात होत्या. गावोगावचे शेतकरी ट्रकांत बसून आपला चित्रपट पाहायला आले. पुढे जपणूक करून नव्याने सिद्ध केलेली त्याची प्रत २०२४ साली कान महोत्सवात दाखवली गेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेनेगल गेले. गोव्याच्या जुन्या वाड्यावरचा त्यांचा 'त्रिकाल' (१९८५) आमच्या वाचकांना आठवत असेलच.

परंतु 'मंथन'चे कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड करू नये. ते दोन रुपये संघटनेच्या मार्गाने आले आणि चित्रपटही त्याच संघटनेच्या कार्याची बाजू सांगणारा होता. देणारा आणि कथानायक एकच होते. त्यात गैर काही नाही. पण ज्या माहितीपटात देणाऱ्यालाच प्रश्न विचारला जाईल, त्याला दोन रुपये मिळतील काय, ही कसोटी 'मंथन'ला द्यावी लागली नाही.

त्या कसोटीच्या जवळ केरळातील एक मंडळी गेली. दिग्दर्शक जॉन अब्राहम आणि त्यांचे मित्र यांनी १९८४ साली 'ओडेसा' नावाचा गट काढला. गावोगाव जाऊन पडद्यावर चित्रपट दाखवायचे, झोळी फिरवायची आणि जमलेल्या पैशातून आपला चित्रपट करायचा, असा त्यांचा क्रम होता. १९८६ साली 'अम्मा अरियान' तयार झाला आणि ज्यांनी पैसे दिले त्यांच्या गावांत दाखवला गेला. वितरक नाही, सावकार नाही. पुढच्याच वर्षी जॉन अब्राहम अपघाती वारले. गटाचे काम काही काळ चालले, पण तशी दुसरी मोठी कृती त्यातून निघाली नाही. लोकवर्गणी एखाद्या माणसाच्या ओढीवर उभी राहिली, तर त्या माणसाबरोबर ओसरते, हाही या इतिहासाचाच धडा आहे.

२००९ साली अमेरिकेत 'किकस्टार्टर' हे संकेतस्थळ निघाले आणि झोळी संगणकावर आली. कलावंताने आपली योजना मांडायची, रक्कम व मुदत सांगायची. इच्छुकांनी शब्द द्यायचा. मुदतीत रक्कम पुरी झाली तरच पैसे घ्यायचे, नाहीतर कुणाचा पैसाही कापायचा नाही. अर्धवट कामात देणाऱ्याचे पैसे बुडू नयेत, हा त्यातला हेतू. आपल्याकडेही अशी व्यवस्था सुरू झाली. खुशबू रांका आणि विनय शुक्ला यांचा 'ॲन इन्सिग्निफिकंट मॅन' हा राजकीय माहितीपट अशा वर्गणीतून निघाला. मागितल्याच्या कित्येक पट रक्कम जमली. प्रमाणपत्राच्या वेळी अडचणी आल्या, अपील न्यायाधिकरणापर्यंत जावे लागले, आणि २०१७ च्या नोव्हेंबरात तो चित्रपटगृहांत आला. अशा वेळी मागे एकच पुरस्कर्ता असता, तर त्याच्यावर दडपण आणणे सोपे गेले असते. शेकडो लहान देणाऱ्यांवर ते आणणे कठीण.

मात्र एकदा दिलेल्या वर्गणीने सर्व भागते, असे मानू नये. आनंद पटवर्धन यांनी मुंबईच्या रमाबाई नगरातील १९९७ च्या गोळीबारानंतर सुरू केलेला 'जय भीम कॉम्रेड' २०११ साली पुरा झाला. चौदा वर्षे! सप्ताहाची पट्टी दरसाल निघते. माहितीपटाचीही तशीच निघाली पाहिजे.

आता आपल्या दाराशी येऊ. डिचोलीच्या शिरगाव, मुळगाव, पिळगाव, मये या गावांच्या आसपास अर्धशतकाहून अधिक काळ लोहखनिज उपसले गेले. ते बार्जांतून मांडवीने मुरगाव बंदराकडे जात असे. शेतांत गाळ आला, विहिरींचे पाणी उतरले. आणि त्याच खाणीने कित्येक घरांत चूलही पेटवली, ट्रकांचे हप्ते फेडले, मुलांची शिक्षणे केली. २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले, आणि लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीत पुन्हा काम सुरू झाले. पेडण्यात मोपाच्या पठारावर २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली. तेथील धनगर वस्तीला आपली जागा सोडावी लागली. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहींच्या रक्ताने भिजलेली पत्रादेवीची सीमा याच तालुक्यात आहे. तो दिवस पाहिलेली माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली असतील.

या सर्वांचे चित्रण कुणी करावे? कंपनी करील तर ते जाहिरातीचे होईल. पर्यटन खाते करील तर समुद्रकिनाऱ्याचे होईल. २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो. जगभरचे माहितीपट आम्ही तेथे पाहतो आणि घरी येताना म्हणतो की आपल्या गावावर असे काही कुणी का करीत नाही. त्याचे उत्तर आम्हीच देऊ शकतो. पाचशे घरांनी प्रत्येकी पाचशे रुपये दिले, तर अडीच लाख होतात. एखाद्या तरुणाला कॅमेरा व ध्वनिमुद्रणाची साधने घेऊन पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत एका गावात राहण्यासाठी ही सुरुवात पुरेशी ठरू शकेल.

पण खरी अडचण पैशाची नाही. आमच्यापैकी अनेक घरे देशावरून वा तळकोकणातून येथे आली, वतने व भाटे मिळाली, देवस्थानांत मान मिळाला. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा आमच्या घरांत कोणत्या स्वराने उच्चारला जातो, हे आम्ही जाणतो. डिचोली-पेडण्याचा प्रामाणिक माहितीपट झाला, तर त्यात कूळ बोलेल, मुंडकार बोलेल, देवळाच्या पायरीशी थांबवलेला माणूस बोलेल. आमच्या आजोबांनी वाचनालय उभारले हे त्यात येईल, आणि त्या वाचनालयात कोण येऊ शकत नव्हते हेही येईल. ज्या वहीत आमचे नाव देणाऱ्यांत आहे, त्याच चित्रपटात आमच्या घराविषयी असे काही ऐकावे लागेल. त्या वेळी 'आमचे पैसे आहेत, हे काढा' असे आम्ही म्हणणार असू, तर आमच्यात आणि खाण कंपनीत फरक तो काय राहिला?

म्हणून वर्गणी देण्यापूर्वी काही गोष्टी ठरवून घ्याव्यात, असे आम्हांस वाटते. देणाऱ्याला मजकुरावर हुकूम चालवता येणार नाही. शंभर देणारा आणि दहा हजार देणारा यांची नावे एकाच आकाराच्या अक्षरांत येतील. १८८५ साली न्यूयॉर्कमध्ये स्वातंत्र्यदेवतेच्या चौथऱ्यासाठी जोसेफ पुलित्झरच्या 'वर्ल्ड' पत्राने सव्वा लाखाच्या आसपास लोकांकडून सुमारे एक लाख डॉलर जमवले. बहुतेकांनी डॉलरहून कमी दिले होते, तरी पत्र त्यांची नावे छापीत असे. चित्रपट करणाऱ्याने दर तिमाहीस खर्चाचा हिशेब द्यावा, सप्ताहानंतर देवळाच्या फळ्यावर लागतो तसा. काम पुरे झाले नाही, तर उरलेले पैसे परत करावेत वा देणाऱ्यांना विचारून दुसऱ्या कामास लावावेत. आणि संपादनात गाळलेल्या मुलाखतींसह सर्व ध्वनिचित्रण तालुक्याच्या एखाद्या वाचनालयात जपून ठेवावे. कारण आज नको वाटलेली साक्ष उद्याच्या इतिहासकाराला लागेल.

आमच्या घरांतील ट्रंकांत जुन्या सनदा आहेत, मोडी कागद आहेत, एखाददुसरा पिवळा पडलेला फोटो आहे. पण ज्यांच्याकडे ट्रंकच नव्हती, त्यांचा इतिहास त्यांच्या बोलण्यात आहे आणि तो त्यांच्याबरोबर जात आहे. जत्रेच्या पावणीत एका नारळावर हजारो रुपयांची बोली लावणारी घरे आमच्यात आहेत. पुढच्या जत्रेच्या वर्गणीच्या वहीत माहितीपटासाठी एक वेगळे पान घालावे, आणि चित्रपट पुरा होईल तेव्हा त्याचा पहिला खेळ देवळासमोरच्या मोकळ्या पटांगणात, साऱ्या वाड्यांना बोलावून करावा, एवढीच आमची सूचना आहे.