तालीम कुठली? : कोल्हापूरचं गाणं, त्रिलोक गुर्टूंच्या ध्वनिमुद्रिका आणि रिमिक्स

आजचा विषय फलकावर वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. ज्या पेठेत कुस्ती, फुटबॉल आणि मर्तिकाचं भजन यांवर तासन्‌तास बोलणं होतं, तिथं 'अँबियंट डान्स संगीत' कशाला, असा प्रश्न रास्त आहे. पण या संगीताचा एक धागा कोल्हापुरातूनच निघतो. तो धागा हातात धरून, कुठली मुद्रिका कुठल्या क्रमानं ऐकावी आणि ऐकताना काय विचारावं, एवढंच आज आम्हाला सांगायचं आहे.

आपल्याकडे पैलवान भेटला की पहिला प्रश्न ठरलेला : तालीम कुठली? गवई भेटला तरी हाच प्रश्न. शब्दही तोच. आखाडा म्हणजे तालीम आणि गुरूनं दिलेलं शिक्षण म्हणजेही तालीम. या प्रश्नात माणसाची ओळख, त्याच्या वस्तादाचा मान आणि त्याच्यावरची जबाबदारी, तिन्ही येतात. हाच प्रश्न रिमिक्सला विचारला तर काय होतं, हे आपण बघू.

सुरुवात अल्लादियाखाँसाहेबांपासून. शाहू महाराजांच्या आश्रयानं ते कोल्हापूर दरबारी राहिले. १९२२ मध्ये महाराज गेल्यावर मुंबईला गेले आणि १९४६ मध्ये तिथंच वारले. जयपूर-अत्रौली घराण्याची ही गायकी आपण 'शुद्ध' म्हणून मिरवतो. पण ती घडली कशी? तरुणपणी अतिश्रमानं खाँसाहेबांचा आवाज बसला. पुन्हा गळा चालू लागला तेव्हा तो पहिल्यासारखा राहिला नव्हता. म्हणून त्या गळ्याला पेलेल अशी गाण्याची रीत त्यांनी नव्यानं बांधली. म्हणजे आपण ज्याला मूळ म्हणतो, ती स्वतःच एक पुनर्रचना होती. त्यांच्या आवाजाची मुद्रिका आज उपलब्ध नाही. त्यांचं गाणं उरलं ते शिष्यांच्या गळ्यात, आणि शिष्यांच्या नावानिशी.

याच काळात हिंदुस्थानात ग्रामोफोन आला. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं. गाणं संपताना त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात. तबकडी छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायची. तिथल्या कारागिराला कळावं की ही चकती कोणाची, म्हणून ही सोय. सोय साधी होती, पण तिचा अर्थ मोठा आहे. मुद्रणामुळे आवाज माणसापासून सुटा झाला आणि त्याच क्षणी त्याला नाव बांधून ठेवण्याची गरज पडली. आजच्या भाषणाचा मुद्दा सगळा यात आला, असं म्हटलं तरी चालेल.

आता बेळगावकडे वळू. तिथं मेनकाबाई शिरोडकर नावाच्या नर्तिका होत्या. गाण्यात त्या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. त्यांची मुलगी भानुमती १९२५ साली जन्मली. लहानपणी तिची पहिली रीतसर तालीम झाली ती कोल्हापुरात, भूर्जीखाँसाहेबांकडे. भूर्जीखाँ म्हणजे अल्लादियाखाँचे धाकटे चिरंजीव. मल्लिकार्जुन मन्सूर आणि धोंडूताई कुलकर्णी यांनाही त्यांनी शिकवलं. पुढे भानुमती घम्मनखाँसाहेबांकडे ठुमरी-दादरा शिकली, विश्वनाथ गुर्टूंशी तिचं लग्न झालं आणि ती शोभा गुर्टू या नावानं देशाला माहीत झाली. 'मैं तुलसी तेरे आँगन की' या १९७८ च्या चित्रपटातली त्यांची ठुमरी आपल्यापैकी अनेकांच्या कानात असेल. २००२ मध्ये पद्मभूषण मिळालं, २००४ मध्ये त्या गेल्या.

त्यांचा मुलगा त्रिलोक, जन्म १९५१, मुंबई. आईनंच त्याला तबल्याला बसवलं. शाह अब्दुल करीम यांच्याकडे तो शिकला. पुढे पाश्चात्त्य ड्रमही वाजवू लागला. इथं एक गंमत आहे. विलायती रेकॉर्ड ऐकून शिकताना त्यांना 'ओव्हरडबिंग' ही भानगड ठाऊकच नव्हती, असं त्यांनी १९९५ च्या जिमी हेंड्रिक्सवरच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात सांगितलं. ओव्हरडबिंग म्हणजे एकदा वाजवलेल्यावर पुन्हा दुसरा थर मुद्रित करायचा. एकच माणूस चार वेळा वाजवतो आणि ऐकणाऱ्याला चौघे एकदम वाजवताहेत असं वाटतं. त्रिलोकना ते थर वेगळे ठाऊक नव्हते, म्हणून त्यांनी ते सगळे दोनच हातांनी वाजवायचा रियाज केला! यंत्रानं केलेली जादू माणसानं खरी मानली आणि खरी करून दाखवली. ते अर्धवट गुडघ्यावर, जमिनीलगत बसून वाजवतात. तबला, ड्रम, झांजा सगळं भोवती मांडलेलं. झांज पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा नाद लवचीक करतात. मंचावर बादली बघून हसणारे लोक तो नाद ऐकला की गप्प होतात.

आता यादी घेऊ. वहीत लिहून घ्यायला हरकत नाही.

पहिली मुद्रिका 'अपो-कॅलिप्सो', १९७७, एम्ब्रियो या जर्मन वाद्यवृंदाची. त्रिलोक यांच्या सुरुवातीच्या मुद्रणांपैकी ही एक. तिच्यावर आईचाही आवाज आहे. मायलेकरं एकत्र मुद्रित झाली ती परदेशी रॉक वाद्यवृंदाच्या पंक्तीत, हे ध्यानात ठेवावं.

दुसरी 'उस्फ्रेट', १९८८. सीएमपी या जर्मन कंपनीनं काढलेली. सोबतीला राल्फ टाउनर, डॉन चेरी, एल. शंकर, योनास हेलबोर्ग असे मातब्बर. आणि गायला शोभाताई. तिच्यातल्या एका रचनेचं नावच 'शोभारॉक'. ही मुद्रिका ऐकताना घाई करू नये. ठुमरीत मुरलेला गळा आणि ड्रमची घोडदौड शेजारी शेजारी चालतात. आमच्या मते यादीत एकच घ्यायची झाली तर हीच घ्यावी.

इथून लंडनला उडी मारावी लागते, पण तिचं कारण आहे. नव्वदीच्या दशकात तिथल्या भारतीय वंशाच्या मुलांनी तबला, सतार आणि क्लबमधला इलेक्ट्रॉनिक ठेका यांची जोडी जमवली. तलविन सिंग यांनी १९९७ मध्ये 'अनोखा' हा संग्रह काढला. १९९९ चं मर्क्युरी पारितोषिक त्यांच्या 'ओके' या मुद्रिकेला मिळालं. या पिढीतले वादक 'उस्फ्रेट'चं नाव आपल्या वाटेवरचा दगड म्हणून घेतात. पुढे झाकीर हुसेन आणि बिल लॅस्वेल यांनी 'तबला बीट सायन्स' हा गट उभा केला. त्यांची २००० सालची 'ताल मॅट्रिक्स' ही यादीतली तिसरी मुद्रिका. त्रिलोक, तलविन सिंग आणि मराठी आडनावाचे, इंग्लंडात जन्मून अमेरिकेत वाढलेले कर्ष काळे, सगळे तिच्यात भेटतात.

चौथी जोडगोळी आहे. रॉबर्ट माइल्स हे इटालियन संगीतकार. १९९५ च्या 'चिल्ड्रेन' या पियानोच्या सुरावटीनं ते युरोपभर गाजले. रात्रभर नाचून पोरं गाड्या भरधाव हाकत घरी निघायची आणि अपघातात जायची. नाचाच्या शेवटी रक्त थंड करणारं काही वाजवावं, असा त्या सुरावटीमागचा एक हेतू होता. मंडळी, मैफलीच्या शेवटी आपण भैरवी गातो. जमलेल्या माणसाला परत घरी पोचवण्याचं काम दोन्हीकडे संगीताकडेच दिलेलं आहे! माइल्स यांच्या २००१ च्या 'ऑर्गॅनिक'वर त्रिलोक वाजवतात. पुढच्या वर्षी 'ऑर्गॅनिक रिमिक्सेस' आली, म्हणजे त्याच रचना इतर संगीतकारांच्या हाती देऊन नव्यानं घडवलेल्या. आणि २००४ मध्ये 'माइल्स गुर्टू' ही दोघांच्या नावाची मुद्रिका. तिघी सलग ऐकाव्यात. एकाच ठेक्याचं पाहुणा म्हणून, माल म्हणून आणि यजमान म्हणून काय होतं, ते कान आपोआप सांगतो.

'माल' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. स्टुडिओत गळा एका पट्टीवर, ड्रम दुसऱ्या पट्टीवर, असे सगळे थर सुटे ठेवलेले असतात. रिमिक्स करणारा त्यातला एखादा ठेवतो, बाकी काढतो, लय बदलतो, एखादा स्वर ताणून धुक्यासारखा पसरवतो. जमैकात सत्तरीच्या सुरुवातीला किंग टबी यांनी गाण्यातला गळाच काढून नुसता घुमारा ठेवला, तिथून ही कला रुजली. आपल्याकडे रिमिक्स म्हटलं की २००२ चं 'काँटा लगा' आठवतं आणि नाक मुरडलं जातं. मूळ गाणं १९७२ च्या 'समाधी'तलं, लताबाईंनी गायलेलं, राहुल देव बर्मन यांचं. तक्रार अशी की मूळ भ्रष्ट झालं.

या तक्रारीत थोडं तथ्य आहे, पण तिचा नेम चुकतो. बंदिश एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाताना बदलते, हे आपल्याला मान्य आहे. अल्लादियाखाँसाहेबांनी तर अख्खी गायकी बदलली. बदल हा गुन्हा धरला तर आपलं सगळं संगीत आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करावं लागेल. आमच्या विषयात एक जुनं उदाहरण शिकवतात : 'हाच तो देवदत्त'. पूर्वी काशीत पाहिलेला देवदत्त आज इथं दिसतो. वय वाढलं, कपडे बदलले, तरी आपण ओळखतो. या ओळखण्याला प्रत्यभिज्ञा म्हणतात. आजचं दिसणं आणि जुनी आठवण जुळली की ती होते. पण आधी कोणी देवदत्ताचं नावच पुसून टाकलं असेल, तर 'हा' समोर उभा राहील आणि 'तो' सापडणारच नाही.

नृत्यसंगीतात हे फार सहज घडतं. एखाद्या गायिकेची चार सेकंदांची तान कापून घेतात, तिच्यावर ठेका चढवतात आणि मुद्रिकेवर लिहितात 'भारतीय स्त्रीस्वर'. म्हणजे जणू तो वाऱ्यावरून आला! त्या चार सेकंदांमागे वीस वर्षांची तालीम असते. आमचा आक्षेप कापण्याला नाही, या लिहिण्याला आहे. 'उस्फ्रेट'ची बाजू नेमकी इथं भक्कम पडते. मुलानं आईचा आवाज आपल्या संगीतात विणला आणि तिचं नाव रचनेच्या कपाळावर लिहिलं.

मेनकाबाईंचं मात्र काय? कलावंत म्हणून जगलेली ही बाई आज कोशांतून बहुतेक 'शोभा गुर्टूंची आई' एवढ्यापुरती उरली आहे. ती पिढी अशीच पुसट झाली. तेव्हा यंत्र नव्हतं, हे कारण थोडं खरं आहे. आज यंत्र खिशात आहे. पण फोनवर गाणं लावलं की मुख्य कलावंताचं नाव दिसतं आणि साथीदारांची नावं पुष्कळदा दिसतच नाहीत. एलपीच्या वेष्टनावर, कॅसेटच्या घडीच्या कागदावर ती बारीक अक्षरांत असायची. व्हॉयेजर यानातून १९७७ मध्ये जी सोन्याची तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी आहे. त्याही अल्लादियाखाँच्याच शिष्या. यादीत त्यांचं नाव आहे, साथीदारांचं नाही.

कायद्यालाही हे उशिरा सुचलं. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं कलाकाराच्या सादरीकरणाला हक्क मिळाले आणि २०१२ च्या दुरुस्तीनं आणखी एक गोष्ट मान्य झाली : सादर करणाऱ्याला आपलं नाव लागावं असं म्हणण्याचा हक्क. वापराच्या पद्धतीमुळे नाव वगळावं लागत असेल तर सवलत आहे, आणि पळवाट तिथंच आहे. कायदा दार उघडतो, पण आत कोण आलं हे विचारायचं काम ऐकणाऱ्याचं.

म्हणून चाहते लोक ज्या याद्या करतात, कुठली आवृत्ती कधीची, तबला कोणाचा, आवाज कोणाचा, त्या आम्हाला रिकामटेकडेपणा वाटत नाहीत. ते इतिहासलेखन आहे. तुमच्यातल्या तरुणांच्या फोनमध्ये शेकडो रिमिक्स असतील. एकच निवडा. त्यातला गळा कोणाचा, हे शोधून काढा आणि वहीत लिहा. नाव सापडलं की पुढचा प्रश्न तोच : तालीम कुठली?

आता 'शोभारॉक' लावू. वेष्टनावरची नावं आधी मोठ्यानं वाचतो, मग ऐकू.