डुक्कर फियाटचा कुलवृत्तांत

पन्नाशीच्या दशकात कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या फियाट 1100 ला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटले, ते तिच्या पुढे आलेल्या नाकाडामुळे. तिचीच पुढची पिढी प्रीमियर पद्मिनी. या गाड्यांविषयीचे लेखन बहुधा स्मरणरंजनात रमते : नोंदणीनंतरची वर्षानुवर्षांची प्रतीक्षा, स्टिअरिंगला चिकटलेला गिअर, काळी-पिवळी टॅक्सी. त्यात खोटे काही नाही. परंतु या गोड हळहळीत गाडीचे इंजिन मात्र वाचायचे राहून जाते, आणि खरा इतिहास तिथेच आहे.

ते इंजिन 1937 चे. फियाटमधला तरुण अभियंता दान्ते जाकोसा याच्या देखरेखीखाली ‘508 सी’ ही मध्यमवर्गीय कुटुंबाची गाडी सिद्ध झाली. सिलिंडरचा व्यास 68 मिलिमीटर, दट्ट्याची धाव 75, एकूण 1089 घनसेंटिमीटर. शक्ती अवघी 32 अश्वशक्ती. बाजारहाट करावा, मुले शाळेत पोचवावीत, एवढीच अपेक्षा. मात्र झडपा डोक्यावर बसवलेले हे साधे, दणकट यंत्र आपल्यात आणखी काही सामावून घेऊ शकते, हे कारागिरांना लगेच उमगले. फ्रान्समध्ये सिम्का या नावाने निघणाऱ्या फियाटच्या गाड्यांवर हात चालवूनच आमेदे गोर्दिनी याने आपले नाव कमावले.

युद्धानंतरचे प्रकरण सर्वांत रसाळ. तुरिनचा उद्योजक पिएरो दुझिओ (हा एकेकाळचा युव्हेंटसचा फुटबॉलपटू) याला शर्यतीची गाडी हवी होती. जाकोसाने फियाटची नोकरी सांभाळून, फावल्या वेळात तिचा आराखडा केला. सायकलीला लावतात तशा पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यात कुटुंबाच्या मोटारीचे 1089 घनसेंटिमीटरचे इंजिन. दाब वाढवला, तेलाची व्यवस्था बदलली, आणि शक्ती साठच्या घरात गेली. गाडीचे वजन मात्र चारशे किलोच्या आत. हीच 1946 ची चिसितालिया डी 46. त्या वर्षी तुरिनच्या शर्यतीत ताझिओ नुव्होलारीच्या हातात स्टिअरिंगचे चाकच निखळून आले, आणि एका हातात ते चाक धरून, दुसऱ्या हाताने उरलेला दांडा वळवीत तो आपल्या मिस्त्र्यांपर्यंत पोचला. पुढच्या वर्षीच्या मिल्ले मिलियात, वयाच्या 54 व्या वर्षी, फुप्फुसे निकामी होत चाललेली असताना, हाच नुव्होलारी उघड्या चिसितालियात बसून बियोंदेत्तीच्या कितीतरी मोठ्या आल्फा रोमिओच्या पुढे होता. शेवटच्या टप्प्यात पाऊस कोसळला, इंजिनाच्या विद्युतयंत्रणेत पाणी शिरले, आणि तो दुसरा आला.

चिसितालिया 202 या गाडीचे पिनिन फारिनाने घडवलेले कवच 1951 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मांडले गेले. संग्रहालयाने गौरवले ते रूप. त्याखाली धडधडणारे यंत्र कोणाच्याही दारातल्या गाडीचे होते, ही गोष्ट मला त्या रूपाहून अधिक महत्त्वाची वाटते. चिसितालिया लवकरच कर्जात बुडाली. तिच्या अवशेषांतून कार्लो आबार्थ उभा राहिला आणि त्याने सामान्य फियाटवाल्यांना वेगाचे सुटे भाग आणि खास आवाजाचे सायलेन्सर विकायला सुरुवात केली. वेग असा किरकोळीत मिळू लागला.

आता कुर्ला. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाटशी करार केला. 1962 मध्ये इटलीत ‘1100 डी’ आली तेव्हा तिचे इंजिन 1221 घनसेंटिमीटरचे झाले होते. आपल्याकडे ती 1964 मध्ये आली, पण 1089 वरच राहिली. पाठभेदच म्हणायचा, आणि येथे जुना पाठ टिकला. परवाना-राजात नवे मॉडेल येणार नव्हते. ज्याला वेग हवा त्याने तो असलेल्या गाडीतूनच काढायचा. मग हेड घासून दाब वाढवणे, एकाच्या जागी दोन कार्बोरेटर लावणे, गिअर स्टिअरिंगवरून जमिनीवर आणणे, स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवणे, हे उद्योग गॅरेजांतून चालू झाले. मद्रासजवळच्या शोलावरम येथील युद्धकालीन धावपट्टीवर अशा फियाट धावल्या. 1985 मध्ये प्रीमियरचीच ‘118 एनई’ निसानचे 1171 घनसेंटिमीटरचे इंजिन घेऊन आली, तेव्हा हौशी मंडळींनी ते उचलून पद्मिनीत बसवले.

याला ‘जुगाड’ म्हणून हसण्यावारी नेणे मला पटत नाही. तुरिनमध्ये जाकोसाने केले ते अभियांत्रिकी आणि मुंबईतल्या मिस्त्र्याने केले ती तडजोड, हा भेद कामाच्या गुणवत्तेने ठरलेला नाही. एकाचे आराखडे जपले गेले, आत्मचरित्र छापले गेले. दुसऱ्याच्या हाती नोंदवही नव्हती. त्याचे मोजमाप स्पर्शात आणि कानात होते. इंजिनाचा सूर ऐकून तो कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा फेरा फिरवी, आणि ते ज्ञान शेजारी उभ्या असलेल्या पोऱ्याकडे जाई. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मौखिक परंपरा ओव्यांमध्ये चटकन दिसते. ग्रीसने माखलेल्या हातांत ती आपण शोधली आहे का?

ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस वीस वर्षांची वयोमर्यादा संपली आणि शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. वृत्तपत्रांतून छायाचित्रे आली, बहुतेक सर्व बाहेरून काढलेली. बॉनेट उघडलेले क्वचितच.