घरचं मशीन

घर आणि वेळा कल्पित आहेत. मशीन, मापे आणि कायदे खरे. सोयाबीनच्या हंगामात मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्यात ही रात्र बसते.

सकाळी ६.४०
ट्रॅक्टरला मळणी यंत्र जोडले. मालक वडील, चालक चुलता. माल सारायच्या तोंडावरचे झाकण गोठ्याच्या भिंतीला टेकवलेले. काड अडकते, काम रेंगाळते, म्हणून दसऱ्याआधीच काढले होते. मानकानुसार हे तोंड किमान ९० सेंटिमीटर लांब, त्यातले ४५ सेंटिमीटर झाकलेले हवे. हात ड्रमपर्यंत पोहोचू नये एवढ्यासाठीच.

दुपारी १.१५
मुलगा कॉलेजातून थेट शेतात आला. अकरावी, वय १६. पूर्ण बाहीचा सदरा, कारण सोयाबीनचे काड टोचते.

दुपारी ३.३०
मजुराच्या उपरण्याचे टोक ओढले गेले. उपरणे सुटले, मजूर वाचला. सगळे हसले. मशीन थांबले नाही.

सायंकाळी ५.२०
उद्या पावसाचा अंदाज. तिघांचे फोन आले: आमची गंजी आजच काढा. वडिलांनी तिघांनाही हो म्हटले. हंगाम पंधरा-वीस दिवसांचा, मशीनचा हप्ता वर्षभराचा.

रात्री ९.१०
सकाळपासून माल सारणारा मजूर घरी गेला.
“बाबा, मी सारतो.”
“दमानं सार.”
प्रशिक्षण एवढेच. परक्याच्या मशीनवर मुलाने मजुरी तरी मागितली असती, तो नाही म्हणू शकला असता. इथे मालकच बाप.

धोकादायक यंत्रांचा केंद्रीय कायदा १९८३ चा. त्याच्या व्याख्येत मळणी यंत्राचे नाव आहे. २०१६ च्या दुरुस्तीने बालकामगार कायद्यात चौदाखालच्या मुलालाही शाळेनंतर घरच्या धंद्यात मदतीची मुभा ठेवली, धोक्याचे काम वगळून. काम धोक्याचे आहे की नाही हे रात्री नऊला शेतात कोण ठरवणार?

रात्री १०.४०
दव पडले. ओले काड ड्रमला गुंडाळले, मशीन चोंदले. बंद करून साफ केले. बारा मिनिटे गेली. चुलता म्हणाला, “पुन्हा अडकलं तर जरा आत रेटत जा, बंद पाडू नको.”

रात्री ११.२५
आईचा फोन. “जेवायला कधी येता?”
“एकच गंजी राहिली.”

रात्री ११.४८
तोंडाशी काड पुन्हा तुंबले. मुलाने हाताने रेटले. गेले.

रात्री ११.५१
पुन्हा तुंबले, पुन्हा रेटले. चुलता ट्रॅक्टरवरून उतरून वीस फुटांवर कट्ट्यांची तोंडे शिवत होता. वडील उजेडासाठी मोटारसायकल वळवून लावत होते.

रात्री ११.५२
उजवी बाही.

मशीन फिरवणारा ट्रॅक्टरचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. वीस फूट धावायला चुलत्याला चार सेकंद लागले.

रात्री १.३५
जिल्हा रुग्णालय. कोपराच्या वर.

नंतर तलाठ्याने अर्ज आणून दिला. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला २ लाख रुपये, एक हात गेल्यास १ लाख. वयाची अट १० ते ७५ वर्षे. मुलगा त्यात बसला.